चाळीस मापं, चाळीस फाइली

चाकणच्या प्लांटवर मी प्रिंटर जोडायला गेलो होतो. तासाभरात भोसरीच्या ऑफिसात परतायचं, एवढंच डोक्यात. पण लाइनचा सुपरवायझर रणजीत नव्या तपासणी मशीनपाशी श्रद्धाला झापत होता.

"रोजचं चारशेचं टार्गेट हाय आणि तू तीनशेदहावर!" मग माझ्याकडे वळला. "हात स्लो हाय, सलिलराव. आज हिचं ट्रेनिंग संपतंय. 'श्रद्धा स्लो हाय' म्हणून एचआरला आणि सगळ्यांना मेल टाकलाय, दुपारी काढल्याचं पत्र निघतंय."

"मशीनमुळं तर नाही ना?"

"तुम्हीच तर मेल केलाय, नेटवर्क ठणठणीत म्हणून!"

केला होता खरा. एक भलीमोठी फाइल सर्व्हरवर पाठवून पाहिली, भुर्रकन गेली, विषय संपला. आता मात्र पाय निघेना. मी श्रद्धाच्या मागे उभा राहिलो. पुढचा पार्ट तिच्या हातात तयार, आणि स्क्रीनवर चक्र गरगरतंय. वेळ मोजली. वीस सेकंद. पुढचा पार्ट, पुन्हा वीस.

मशीन प्रत्येक पार्टची चाळीस मापं घ्यायचं आणि एकेका मापाची चिमुकली फाइल भोसरीच्या सर्व्हरवर बनवायचं. सोसायटीच्या गेटवर एकाच घरी आलेल्या चाळीस पाहुण्यांची वॉचमननं वेगवेगळी नोंद करावी आणि दरवेळी वर फोन लावावा, तशातली गत. मी गेटमधून एकच पाहुणा सोडून पाहिला होता. वर शहाणपणा करून मेल.

मापं आधी मशीनमध्येच साठवून तासातासानं एकच गठ्ठा पाठवायची सेटिंग केली. दहा मिनिटांचं काम. चक्र गेलं. श्रद्धाचे हात असे चालायला लागले की रणजीत बघतच राहिला.

"रणजीतभाऊ, हात स्लो नव्हता."

त्यानं मान खाजवली आणि एचआरला फोन लावला. "थांबा जरा. तिला कमी करायचं पत्र काढू नका."

मला हायसं वाटलं. बॅग उचलली.

"सर," श्रद्धा पहिल्यांदाच बोलली. "तोंडी नको. मेल करा. सगळ्यांना."

मी लॅपटॉप उघडला. 'सर्व्हरच्या तांत्रिक अडचणीमुळे' इतकं टाइप केलं. ती खांद्यावरून वाचत होती.

"मी स्लो होते तेव्हा माझं नाव लिहिलं होतं ना?"

माझे कान तापले. ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'सलिलच्या चुकीमुळे'.