डावीकडची खुर्ची

तिनं वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि पान नवऱ्यापुढे धरलं.

"पट्टी सापडली की मगच वाचायचं."

त्याची नजर ओळीत मधेच थबकली. "यश झाकण्याची धडपड," त्यानं वाचलं. कपाळाला आठी पडली. "मथळा चुकलाय. यश कोण कशाला झाकेल?"

छापलं होतं ‘अपयश’.

छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. अनुस्वारही त्याच्या तावडीतून सुटत नसे. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. "डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले होते, "डावीकडे लक्ष द्यायचं असतं, हेच मेंदू विसरलाय." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, की त्यांच्या डावीकडेच बसा, तिकडूनच बोला.

तेव्हापासून तिची खुर्ची पलंगाच्या डावीकडे. हाका मारून मारून घसा बसायचा. एखाद्या वेळी तो सावकाश मान वळवून हसायचा. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

दुपारी लेक आली आणि उजवीकडे बसली. आई पलीकडे त्याच्या सदऱ्याला बटण लावत होती. तिचा आवाज काही त्याच्या कानावर पडला नव्हता.

"आई बाहेर गेलीय ना?" त्यानं विचारलं.

लेकीनं पलंगापलीकडे पाहिलं. ती उत्तर देणार तोच तो म्हणाला, "बरं झालं. तुला म्हणून सांगतो. डावीकडे काही असतं, असं मला वाटतच नाही. तिची हाक आली की मान वळवतो आणि हसतो. तिथं कुणी नसतं."

"बाबा, अहो..."

"तिला सांगू नकोस. बिचारी फार जीव टाकते."

तिनं सुई कापडात खोचली. दार त्याच्या डाव्या अंगालाच होतं. ती उठून बाहेर गेली, भिंतीला हात टेकून उभी राहिली. मग चपला वाजवत आत आली आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसली.

"अहो, आले मी. इकडे बघा."

त्यानं सावकाश मान वळवली आणि हसला. नजर तिच्या खांद्यावरून पुढे गेली होती.

"दिसतेय ना मी?"

"दिसतेस की."

लेक खाली मान घालून बसली होती.

"आज मान बरीच वळली हं," ती म्हणाली.