थेट गाडी

पीटरबरोहून कुठेही जाता येतं, आणि बहुतेक लोक जातात. लंडन तासाच्या आत, यॉर्क त्याहून थोडं लांब, एडिंबरो तर जागेवरून न उठता. इथले घरांचे दलाल जाहिरातीत आधी स्टेशन छापतात, मग कॅथीड्रल, आणि जागा उरलीच तर घर. ऑड्री थर्लबीनं नवऱ्याबरोबर इथे घर घेतलं तेव्हा दलाल म्हणाला होता, "मुलगी उद्या लंडनला गेली तरी शेजारच्या खोलीत असल्यासारखीच." मुलगी लंडनला गेली. शेजारच्या खोलीत ऑड्रीचं शिवणयंत्र आलं.

नवरा वारला तेव्हा मुलगी रोझलिंड आली होती. दफन आटोपल्यावर म्हणाली, "आई, मी राहू का थोडे दिवस?" ऑड्री म्हणाली, "छे गं, माझं अगदी ठीक चाललंय. कामधाम सोडून कशाला राहतेस?" या देशात या वाक्याचा अर्थ 'राहा' असा होतो. पण त्यासाठी समोरच्याला निदान तीनदा विचारावं लागतं, आणि रोझलिंड ऑड्रीचीच मुलगी, तिनं एकदाच विचारलं. दुपारच्या गाडीनं ती परत गेली. तेव्हापासून दर रविवारी फोन येई आणि दोघी हवेविषयी बोलत.

कॅथीड्रलमध्ये फुलं सजवणाऱ्या बायकांचं एक मंडळ आहे, त्यात ऑड्री होती आणि शेजारची ब्रेंडा स्कील्सही. एका शनिवारी फुलं लावता लावता ब्रेंडा म्हणाली, "काल तुझी रॉझ दिसली स्टेशनवर. बाकावर बसून केक खात होती."

"हो का?"

"होल्मथॉर्पची गाडी पकडायची होती म्हणाली. दर पंधरवड्याला जाते म्हणे सासूकडे. मला वाटलं, तुझ्याकडूनच निघालीय."

"माझ्याकडूनच," ऑड्री म्हणाली आणि हातातल्या लिलीचा देठ इतका आखूड कापला की ती फुलदाणीत बुडाली. भर कॅथीड्रलमध्ये आपण खोटं बोललो, याचं तिला काही वाटलं नाही. पोटची पोर दर पंधरा दिवसांनी घराच्या दारावरून जाते आणि आत येत नाही, याचं मात्र फार वाटलं.

रोझलिंडची सासू, डॉट ब्लँचर्ड, कोबी-बटाट्याची शेती करणारी बाई. ती फोनवर नमस्कार-चमत्कार करत नसे. "शुक्रवारी ये. खिमा-बटाटा केलाय," एवढं बोलून फोन ठेवी. रोझलिंडचा नवरा लीड्सहून परस्पर तिकडे जाई, ती लंडनहून. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, त्यातलीच गत. फोन उचलून 'ये' म्हणणं ऑड्रीला जमण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी तिनं स्टेशनवरच्या फुलांच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या स्वयंसेवकांत नाव घातलं, नारिंगी जाकीट घेतलं आणि शुक्रवार मागून घेतला.

"आई? तू इथे?"

"पाणी घालतेय. तू?"

"गाडी बदलतेय."

"असं होय. वेळ आहे का गाडीला?"

"आहे थोडा."

दोघी बाकावर बसल्या. ऑड्रीजवळ चहाचा थर्मास निघाला, आणि कपही दोन निघाले. ते दोन कसे, हे रोझलिंडनं विचारलं नाही. पुढच्या खेपेला रोझलिंडच्या पिशवीत कडा कापलेलं सँडविच निघालं, ऑड्रीला आवडतं तसं. "जास्तीचं होतं," ती म्हणाली. हिवाळाभर असं चाललं. विषय कुंड्यांचाच असे. ऑड्रीला तेवढं पुरत होतं, म्हणजे पुरत नव्हतं, पण ती तेवढ्यावर जगत होती.

मग बातमी आली की मे महिन्यापासून लंडन ते होल्मथॉर्प थेट गाडी सुरू होणार. गावाला आनंद झाला. ब्रेंडा म्हणाली, "आता आपण आणखीच जोडले गेलो."

"आता बदलायला उतरावं लागणार नाही," रोझलिंड बाकावर म्हणाली.

"बरंच की. सामान घेऊन जिने चढायला नकोत."

"हो ना."

दोघींनी कुंडीकडे पाहिलं. गाडी आली आणि रोझलिंड गेली.

फलाटावर काम करणारा टोनी स्कार्पेली झाडू टेकवून उभा होता. "मिसेस थर्लबी, एक विचारू? तुमच्या मुलीची ही काय तऱ्हा? त्या उतरतात तेव्हा होल्मथॉर्पची गाडी समोर उभीच असते. दर वेळी सोडून देतात. पुढची यायला तास लागतो."

"तिला घाईत चढायला आवडत नाही," ऑड्री म्हणाली.

घरी येऊन तिनं झारी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि अंगातलं जाकीटही न काढता ढसाढसा रडली.

थेट गाडीच्या पहिल्या शुक्रवारी फलाटावर गळ्यात मानाची साखळी घातलेले महापौर होते, बँड होता, आणि ऑड्रीच्या कुंड्या होत्या. गाडी थांबली. रोझलिंड दारात येऊन उभी राहिली, हात रिकामे. ऑड्रीनं 'प्रवास बरा झाला ना?' हे वाक्य घरून तयार करून आणलं होतं. ती झारीसकट दाराशी गेली.

"रॉझ, उतर. घरी चल. मला तू हवी आहेस. बाबा गेले तेव्हापासून रोज हवी आहेस."

नेमका बँड थांबला होता. डब्यातल्या सगळ्यांना एकदम वर्तमानपत्रं वाचावीशी वाटली. महापौर आपली साखळी न्याहाळू लागले.

"ठीक चाललंय म्हणाली होतीस," रोझलिंड म्हणाली.

"खोटं बोलले."

"मग तसं सांगायचं ना, आई. मला वाटलं, तुला मी नकोय."

"आता सांगतेय ना. उतर."

रोझलिंड उतरली. दारं मिटली, बँड पुन्हा सुरू झाला, आणि गाडी हलल्यावर तिला आठवलं की बॅग वर फळीवरच राहिली. गाडी थेट असल्यामुळे बॅग कुठेही न बदलता होल्मथॉर्पला पोहोचली.

संध्याकाळी डॉटचा फोन आला. "बॅग आली. सून कुठाय?"

"आईकडे आहे," रोझलिंड म्हणाली. "तिनं बोलावलं."

"जीभ सुटली म्हणायची तिची एकदाची. राहा तिथंच," डॉट म्हणाली आणि फोन ठेवला.

शेजारच्या खोलीतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता. रोझलिंड उठली आणि शिवणयंत्राची दुसरी बाजू धरायला आत गेली.