रंगरावांचे पाच शेअर

“टीव्हीवर सांगून राह्यले, शेअर लई वर गेले. आजच इकून टाका, मेहबूबभाऊ,” असं म्हणत सोजराबाईंनी मेहबूबभाईंच्या घरी खाटेवर बसून पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. बोंडअळीने यंदा त्यांच्या कपाशीत काही ठेवलं नव्हतं, आणि नात संजीवनीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला सोमवारपर्यंतच मुदत होती. घरात विकण्याजोगं एवढंच उरलं होतं.

मेहबूबभाईंनी कागद न उलगडताच ओळखला. सूतगिरणीत सव्वीस वर्षं ते शेअरचे कारकून होते. त्यावरचं सोजराबाईंच्या नवऱ्याचं, रंगरावांचं नाव त्यांनीच निळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. रंगराव गेले, पण अक्षरांवर दर लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू चढत राहिलं.

शेअर समजावून सांगण्यात मेहबूबभाईंचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पिंपळगाव राजा या गावाहून सायकलवर निघायचे आणि खेडोपाडी ओसरीवर बसून सांगायचे, “शेअर म्हंजे वाटा. गिरणीले नफा झाला की त्यातला तुकडा घरी येते, त्याले लाभांश म्हंतात. आजपासून तुमी मालक!” रंगरावांनी मालक झाल्याच्या आनंदात कापूस विकून आलेल्या चुकाऱ्यातून पाच शेअर घेतले, आणि वर मेहबूबभाईंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. लाभांश आला एकदाच, तोही पेढ्यांपुरता.

आता तेच सगळं उलटं समजवायचं होतं.

“वहिनी, टीव्हीवरचा बजार अलग. तिथं रोज घेनारे-देनारे असतात. आपल्या गिरणीचा शेअर कोनी घेत नाही.”

“काऊन?” सोजराबाईंनी प्लास्टिक सोडून कागद पुढे धरला. “याच्यावर तं हजार लिवलं हाये.”

“ते दर्शनी किंमत. छापली तेवढीच राह्यते. कोनी हातात देईन तेच खरी.”

“मंग गिरणीलेच द्या वापस.”

गिरणी बंद पडली हे त्यांना ठाऊक होतं. तिच्याबरोबर शेअरही मातीत जातो, हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला यायला हवं होतं मेहबूबभाईंनीच. त्यांची हिंमत झाली नाही, एवढंच.

“गिरणीवर सरकारनं अवसायक बसवला,” ते म्हणाले. “म्हंजे सगळं इकून देणी फेडनारा साहेब. यंत्रं गेली, जागा बी गेली.”

“मंग आमचा वाटा?”

“आधी बँकेचं. मंग कामगाराचं. मालकाचा नंबर सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत काही उरलंच नाही.”

सोजराबाईंनी कागद खाटेवर ठेवला. मग म्हणाल्या, “तुमी तं कामगारच होते ना? तुमाले भेटलं?”

खोटं बोलता आलं असतं. पण मागच्या वर्षी आलेल्या चेकमधूनच त्यांच्या घरावर नवी टिनं चढली होती, आणि दोघं त्याच टिनांखाली बसले होते.

“हाव वहिनी. भेटले थोडे.”

सोजराबाईंनी वर पाहिलं. आता त्या शिव्या देणार असं मेहबूबभाईंना वाटलं. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “कोनाचं तं निघालं.”

मेहबूबभाईंची बायको बिलकिस चहा घेऊन आली. “सोमवारपर्यंत मी पाहतो कुठं तरी...” मेहबूबभाई म्हणाले आणि थांबले. अशी वाक्यं त्यांनी रंगरावांच्या ओसरीवर पुष्कळ बोलून ठेवली होती.

“नका पाहू,” सोजराबाई उठत म्हणाल्या. “संजीवनीले मीच सांगतो.”

दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. कागद खाटेवरच राहिला होता.

“द्या तो इकडे. दिवाळीले पाटावर काय मांडू?”

मेहबूबभाईंनी कागद पुन्हा प्लास्टिकमध्ये घातला, कडा नीट मुडपल्या आणि पहिल्या वेळी रंगरावांना दिला होता तसाच दोन्ही हातांनी पुढे केला. सोजराबाईंनी तो कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला.