आधी चव, मग पेटी

सकाळी सव्वासातला पहिली मधमाशी पेटीबाहेर आली ती स्वच्छ. तिच्यामागची दुसरीही तशीच. सून गुडघ्यांवर बसून पाहत होती. पेटीच्या दाराशी तिने बसवलेला ट्रे पुसून काढल्यासारखा रिकामा होता.

ट्रेत पांढरी भुकटी असायला हवी होती, मित्रबुरशीची. माशी तिच्यातून चालत निघणार, पायांना लागलेली भुकटी स्ट्रॉबेरीच्या फुलाफुलांत ठेवणार, आणि फळं सडवणाऱ्या करड्या बुरशीला तिथे जागाच उरणार नाही. गेल्या हंगामात त्या बुरशीने निम्मं पीक खाल्लं होतं. यंदा ती पुन्हा दिसली तर औषध फवारायचं आणि सासऱ्यांच्या पेट्या शेतातून हलवायच्या, असं घरात ठरलं होतं. ठरलं तेव्हा सासरे नुसते चष्मा पुसत बसले होते.

आता ते शेडच्या पायरीवर चहा घेत होते.

"बाबा, परवा संध्याकाळी मी ट्रे भरून शहरात गेले होते."

"हो. पाहिलं मी."

"मग भुकटी गेली कुठे?"

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मिशीच्या टोकाला पांढरं काहीतरी लागलं होतं. सुनेने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"खाल्लीत?"

"काल आणि आज, चिमूटभर. बाकीची डब्यात आहे. पेटीत जाणारी वस्तू आधी माझ्या पोटात जाते. साखरेचा पाकसुद्धा."

"अहो, पाकिटावर लिहिलंय, माश्यांना अपाय नाही म्हणून!"

"लिहिणाऱ्याने चाखली होती का?"

"तुम्हाला काही झालं असतं तर? तुमच्या मुलाला काय सांगणार होते मी?"

"सांगायचं, तुझा बाप माश्यांच्या आधी जेवला."

तिने ओठ आवळून हसू धरलं.

"आणि चव?"

"तुझ्या पहिल्या चहापेक्षा बरी."

ट्रे त्यांनीच भरला. पिसाने भुकटी सारखी केली आणि गुडघे धरून वाकून उभे राहिले. एक माशी ट्रेच्या कडेला थांबली, तिने मिशा पुसल्या आणि पांढऱ्या पायांनी उडाली.

"जा गं बाई, सांभाळून," ते म्हणाले.

दुपारी सून ओळीतून फिरत होती. काल उमललेल्या एका फुलाच्या पाकळीवर तिला तपकिरी ठिपका दिसला. काल माश्या कोऱ्याच गेल्या होत्या. ठिपका बुरशीचा की नुसता दवाचा, हे इतक्यात कळणार नव्हतं. तिने मागे पाहिलं, फूल खुडलं आणि ओढणीच्या टोकात बांधून टाकलं.

मान वर केली तेव्हा ओळीच्या दुसऱ्या टोकाला सासरे वाकलेले होते. त्यांनी काहीतरी खुडलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि वरून खिसा थोपटला. मग तिच्याकडे पाहून हात हलवला.

"सगळं ठीक ना गं?"

"ठीक, बाबा. तुमच्याकडे?"

"ठीकच."

संध्याकाळपर्यंत शेतात तिसरा ठिपका कुणाला दिसलेला नव्हता. पेट्या जागेवर होत्या.