खिडकीची काच

शेवटचा स्क्रू काही केल्या हलेना. काचवाल्याने त्याच्या डोक्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, तेल मुरेपर्यंत चहा घेतला, मग पुन्हा पेचकस लावून अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला. पितळी चौकट चार तुकड्यांत मोकळी झाली. बिनटपाच्या, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारची ती समोरची चौकट. काच केव्हाच फुटून गेली होती. खाचेत अडकलेले तिचे दात तेवढे शिल्लक होते.

त्याने चिमट्याने एक तुकडा ओढला आणि उजेडात धरला. गाडीची समोरची काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि मध्ये चिकटवलेला पातळ पडदा. फुटली तरी पडद्याला धरून राहते. या तुकड्यात पडदा नव्हता. साधी खिडकीची काच होती ती. आणि पातळ काच खाचेत खुळखुळू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी भरलेली, दोन्ही टोकांना तिरकी कापलेली. पट्टी अशी तिरकी कापणारा माणूस आसपास एकच होता. तो आत्ता चिमटा हातात धरून बसला होता.

चौकट आणली होती औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने, जुन्या चादरीत गुंडाळून. वय सत्तेचाळीस, केस आखूड. डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत एक पांढरट वण, त्यामुळे हसताना ओठ एकीकडेच उचलला जाई. लोकांनी विचारायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायची तिला सवय असावी.

"लहानपणी गाडीत उभी राहिले होते," चौकट ठेवता ठेवता ती म्हणाली होती. "बाबांनी ब्रेक मारला आणि मी काचेवर. नऊ वर्षांची होते. आई अजून म्हणते, या मुलीच्या पायांना थारा म्हणून नाही. बाबा गेले मागच्या साली. गाडी त्या अपघातापासून शेडमध्येच पडून आहे. म्हटलं, माझा चेहरा काही आता नीट व्हायचा नाही, गाडीचा तरी करून घेऊ."

तेव्हा तो हसला होता. आता ते हसू त्याला आठवलं आणि नको वाटलं.

अडतीस वर्षांपूर्वी दुकान नवीन होतं, तो सव्वीस वर्षांचा होता आणि आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ देणं जिवावर येई. एक गृहस्थ तडा गेलेल्या काचेची चौकट घेऊन आले होते. पडद्याची काच मागवावी लागेल, तीन आठवडे जातील, असं त्याने सांगितलं होतं. "रविवारी पोरीला फिरवून आणायचं कबूल केलंय हो," गृहस्थ म्हणाले होते. मग त्यानेच तोड काढली: तात्पुरती खिडकीची बसवतो, पण परत आणा. गृहस्थ परत आले नाहीत. यानेही कधी विचारलं नाही. गाडी विकली असेल, असं मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारी ती काम बघायला आली तेव्हा तुकडे त्याने डब्यात घालून फळीमागे सारलेले होते. सांगायचं तोंडावर आलं होतं. पण दुपारचं दुकान बंद करून ती आली होती, तिने दोन माणसांपुरता चहा आणला होता आणि खोक्यावर बसून ती गप्पा मारू लागली. डॉक्टरांचं अक्षर, उगाच ताकदीचं औषध मागणारी म्हातारी माणसं, गिऱ्हाईक नसलं की गोळ्यांच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचत बसणं. बायको जाऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. मुलाचा फोन महिन्यातून एकदा येई, जेवलात का एवढं विचारण्यापुरता. इतका वेळ कुणी बसून बोललं, असं आधी केव्हा झालं होतं ते त्याला सांगता आलं नसतं. पुढच्या शनिवारी सांगू, असं तो म्हणाला. स्वतःशीच.

काम मात्र त्याने जीव लावून केलं. पुठ्ठ्याचा साचा तीनदा कापला. काच दोन्ही बाजूंनी आखून मोडली, मधला पडदा पात्याने हळूहळू सोडवला, कडा पाणी सोडत घासल्या. चौकट मुलामा देऊन आली तर खाचच अरुंद झालेली, काच आत जाईना. "दाबा की जरा," ती म्हणाली. "ताई, काचेला जबरदस्ती चालत नाही. शेवटच्या स्क्रूला तडकते," म्हणत त्याने खाच आतून कानशीने दोन दिवस घासली. सुरुवातीला ती नेहमी उजवा गाल त्याच्याकडे करून बसायची. तिसऱ्या शनिवारी तिने खोकं कसंही ओढलं आणि बसली. ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्या दिवशीही त्याच्याने सांगवलं नाही.

चौथ्या शनिवारी, मेकॅनिककडून सुरू करून घेतलेली गाडी ती चालवतच घेऊन आली. तासाभरात चौकट जागेवर बसली. तिने आत बसून समोर बघितलं. एकीकडचा ओठ उचलला गेला.

"झकास झालंय, काका."

"ताई, खाली उतरा जरा," तो म्हणाला. "एक सांगायचं राहिलंय."

त्याने डबा आणून बॉनेटवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पट्टीचं, रविवारचं, परत न विचारल्याचं. ती तुकडा बोटांत फिरवत राहिली.

"योग्य काच असती तर?"

"कपाळाला टेंगूळ आलं असतं. काचेला तडा गेला असता. पण ती अंगावर आली नसती."

"मी उभी असते तरी?"

"उभ्या असता तरी."

तिने तुकडा उजेडात धरला. मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्याच आठवड्यापासून."

"आणि चहा पीत बसलात."

"हो."

तिने तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं. "बसा गाडीत. हे माझ्या आईला सांगायचं. मी सांगून ती ऐकायची नाही."

वाटेत नव्या काचेमुळे वारा डोक्यावरून जात होता.

आई त्र्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत औषधांचा वास होता. काचवाल्याने उभ्या उभ्याच सांगितलं, एकही शब्द न गाळता. म्हातारी चादरीची सुरकुती हाताने सारखी करत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या बाबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, दवाखान्याच्या दारात. ढसाढसा रडले होते."

"आई, मग माझीच चूक असं का म्हणत राहिलात दोघं? अडतीस वर्षं?"

"चूक त्यांची म्हटलं असतं तर त्यांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं असतं गं. तू लहान होतीस. म्हटलं, लहान मुलं विसरतात. मग तेच अंगवळणी पडून गेलं."

काचवाल्याला वाटलं, आता ही काहीतरी फेकेल, निदान खोलीबाहेर तरी जाईल. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. तिने गोळीची पट्टी उचलली, अर्धी गोळी मोडली, आईची मान हातावर घेतली, पाणी पाजलं आणि ओघळलेले थेंब रुमालाने टिपले.

"येतो मी," काचवाला म्हणाला.

"कोपऱ्यावर बस मिळेल," मागे न बघता ती म्हणाली. "आज मला नाही जमणार तुम्हाला सोडायला."

"नको, जातो मी."

तो जिना उतरू लागला. वरून तिचा आवाज आला, रोज असतो तसाच असावा.

"उशी वर घेऊ का जरा?"

उत्तर ऐकू आलं नाही. कठड्याला धरून तो तिथेच थोडा थांबला, आणि मग एकेक पायरी उतरत खाली गेला.