गोजरबाईला कोणी धाडलं

सकाळच्या फेरीत डॉक्टरनं गोजरबाईचं पोट दाबून पाह्यलं अन् म्हणला, "बस, बाई. आज छुट्टी. घर जाव."

पोटातली गाठ काढल्यापासून ती हिंगोलीच्या दवाखान्यात पडून होती. नर्सबाईनं लगेच खाटंवरची चादर ओढली, कारण भायेर दुसरी बाई झोळीत कण्हत होती.

जायचं, पण कोणासंगं? खिडकीतून पाह्यलं तर लिंबाखाली दोन गाड्या सोडलेल्या. एक पुसेगावची, भाऊ उद्धवची. दुसरी कळमनुरीकडची, नवरा माणिकरावची. दोघं एकमेकाकडं पाठ करून बसलेले. बैल मात्र एकाच कडब्याला तोंड लावून.

"तुझी मजा हाय," शेजारच्या खाटंवरची गंगूताई म्हणली. "मला न्यायला कुत्रं बी येईना, अन् तुला चार बैल."

"चारी बैल जाग्यावरच हायेत नं, मावशी."

रीत अशी, की लेक माहेराहून न्यायची तर नवऱ्यानं 'धाडा' म्हणावं अन् भावानं साडीचोळी करून धाडावं. गोजरबाईला दवाखान्यात आणलं उद्धवनं. माणिकरावच्या घरी तवा पेरणी चालू होती. म्हणून उद्धवचं म्हणणं, बहीण माझ्या हवाली हाय, त्यानं मागावी. माणिकरावचं म्हणणं, दवाखाना काय हिचं माहेर हाय? मी काहून मागू? जो आधी बोलंल त्याची मान खाली. त्यामुळं दोघंबी तंबाखू चोळत बसले.

गोजरबाईची दोन वर्षांची तारा सासूपाशी होती. सासरच्या आळीतली रुख्मिणीबाई अशीच दुखण्यातून उठून माहेरी गेली होती. तिला न्यायला कोणी आलंच न्हाई. पोरगं सासरीच ऱ्हायलं, अन् घरात दुसरी आली.

पोट धरून ती खाली उतरली.

"बस गाडीत," उद्धव म्हणला. "गरज असंल तर येतील पुसेगावला."

"अन् न्हाई आले तर?"

"मी हाय की."

"तू हायेस, दादा. तारा न्हाई तिथं."

उद्धवनं बैलापुढं कडबा सारला.

ती तशीच माणिकरावच्या गाडीपाशी गेली. गठुडं आत टाकलं, चाकाला धरून कशीबशी चढली अन् दात आवळून बसली. माणिकराव उठून उभा ऱ्हायला.

"तुला कोणी धाडलं?"

"डॉक्टरनं."

"तो काय तुझा भाऊ हाय?"

"इतके दिस त्याच्याच हवाली होते. त्यानं बराबर धाडलं. तुमी बैल जुंपा."

लिंबाखालची माणसं ऐकून ऱ्हायली होती. माणिकरावनं एकदा त्यांच्याकडं पाह्यलं, मग जू उचललं.

उद्धव जवळ आला. बहिणीकडं न पाहताच म्हणला, "पाव्हणं, खड्ड्यातून हळू न्या. टाके कच्चे हायेत."

"ठाव हाय मला."

एवढंच बोलणं झालं.

गाव मागं पडल्यावर माणिकराव म्हणला, "आईला काय सांगू? ना साडी, ना चोळी. लोक वर्षभर चघळतील."

"चघळू द्या. तारा कोणाच्या हातचं खाते?"

"शेजारच्या द्वारकाकाकूच्या. आईनं घास दिला की थुंकते."

गोजरबाईनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. हसलं की टाके ओढत होते.