एकशे त्रेचाळिसाव्या पानावरचं मेण

इमारतीत सगळे तिला कादंबरीवाली म्हणत, दूधवाली म्हणावं तसं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. दूधवालीसारखाच तिचा माल घरचा होता. लिहिणारी ती, प्रकाशक ती, मुखपृष्ठावरचं निळं दार रंगवणारी ती, आणि प्रती पिशवीत भरून जिने चढणारीही तीच. ही तिसरी कादंबरी.

पोटासाठी ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून ती साचे काढायची, मग मेणात एकेक दात बसवायची. एखाद्या जागी हवा तसा दात मिळाला नाही, तर तिथे मेणाची गोळी ठेवायची आणि पुढच्या दाताकडे वळायचं. अडून बसायचं नाही.

लिहितानाही ती अडून बसत नसे. वाक्य येईना की ती "मेण" असं लिहायची, तिथे काय हवं ते थोडक्यात टिपायची आणि पुढे सरकायची. या कादंबरीत अशा एकोणीस जागा होत्या. अठरा भरल्या.

*

पान १४३

निळं दार अर्धं उघडं होतं. तिने पेटी उचलली. बाबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि म्हणाले,

मेण: बाबा काय म्हणाले ते इथे. नीट आठव. घाई नको.

मग ती निघाली.

*

हे असंच छापलं गेलं. नमुन्याच्या तीस प्रती होत्या आणि तिसांतही तसंच. छापायला देण्याआधी तिने सगळं चारदा वाचलं होतं. पण आपल्याच घरातली पायरी पावलाला कुठे दिसते?

दातांच्या डॉक्टरांनी नव्या ठशांच्या डब्यात चिठ्ठी पाठवली: "पान १४३ वाचून माझे वडील आठवले. लिहिण्याची ही नवी पद्धत का? खालच्या जबड्याची घाई आहे."

शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "अगं, नीट आठव म्हणालीस, म्हणून मी आपली आठवत बसले. दूध उतू गेलं."

"काकू, ते माझ्यासाठी लिहिलं होतं."

"मग माझ्या हातात कशाला दिलंस?"

तिने पिशवी उचलली आणि उरलेला जिना चढली.

छापखानेवाल्याचा फोन दुपारी दोनला आला. "लेखिकाबाई, दोनशे प्रतींचा कागद लावून बसलोय. चारला मशीन सुरू करतो. पानं लागलेली आहेत, मागचंपुढचं काही हलवू नका. त्या मेणाच्या जागेत बसेल एवढं वाक्य द्या."

"आणि नाही सुचलं तर?"

"तर मेण छापतो. मला तर आवडलंय."

तिला मात्र ते चालणार नव्हतं. अख्खी कादंबरी तिने त्या एका वाक्यासाठी लिहिली होती. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? आणि एकदा दोनशे प्रती छापल्या गेल्या, की दारात उभा राहिलेला हा माणूस कायमचा मुका होणार होता.

*

खर्डा पहिला. बाबा म्हणाले, "पोचलीस की कळव." (हे कुणाचेही बाबा म्हणतील. खोडलं.)

खर्डा चौथा. बाबा काहीच म्हणाले नाहीत. (तेव्हा बाबा हयात होते. हे लिहिल्यावर ती त्यांच्यावर इतकी चिडली, की महिनाभर फोन केला नाही. त्यांना बिचाऱ्यांना कारणही कळलं नाही.)

खर्डा नववा. बाबा पिवळ्या शर्टात आहेत आणि काहीतरी गुणगुणतायत. (बाबांकडे पिवळा शर्ट नव्हता. पण आता डोळे मिटले की तोच दिसतो, कॉलरच्या शिवणीसकट.)

खर्डा बारावा. मेण.

*

तिच्या कवळ्यांच्या कारखान्यात दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं येऊन फळीवर पडलं होतं. फळीवर जबड्यांची रांग, सगळे पांढरे आणि किंचित उघडे, काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखे. प्लास्टरची भुकटी उन्हात तरंगत होती आणि खाली बसायचं नाव घेत नव्हती. ती हातात दाढ घेऊन बसली होती. कितव्या तोंडाची ते विसरली होती.

तेवढ्यात दादा आला, तिचा मोठा भाऊ. तो घराघरांतून वायरिंगची कामं करायचा. खाकी कागदाचं कव्हर घातलेली कादंबरी त्याने बगलेत धरली होती आणि पानात खूण म्हणून टेस्टर खुपसला होता.

"टिंगे, हे दार कुणाचं?"

"आपलं."

"आपलं दार तपकिरी आहे. मीच दोनदा रंगवलंय."

"दादा, कादंबरी आहे ती."

"असू दे की. पण बाबा तिथे काय करतायत?"

"मला निरोप देतायत."

दादाने स्टूल ओढलं, त्यावरची भुकटी झटकली आणि बसला. "बाबा दारात नव्हतेच."

तिने दाढ खाली ठेवली. "होते. चष्मा पुसत होते."

"ते तू लिहिलंस."

खरंच, पहिल्या खर्ड्याआधी काय होतं? तिने मागे जाऊन पाहिलं. बारावा खर्डा उचलला, खाली अकरावा होता, त्याच्याखाली दहावा, आणि प्रत्येकात बाबा उभे. अगदी तळाशी एक रिकामा उंबरा होता आणि त्यावर रुसलेली, पेटी घेतलेली ती.

"मग कुठे होते?"

"तुझ्याआधीच थांब्यावर गेले होते. तुला खिडकीची जागा मिळावी म्हणून. बस आली, आत चढले, खिडकीशी बसले, शेजारी पिशवी ठेवली. आणि बस सुटली."

"म्हणजे बाबांना घेऊन?"

"घेऊन."

"थांबवा म्हणायचं ना."

"भरल्या बसमध्ये बाबा ओरडणार? लाजले. पार पुढच्या गावाला उतरले आणि चालत परत आले. तोवर तू दुसऱ्या बसने गेलीसही. गाल फुगवून."

"आणि इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस."

"शपथ घातली होती मला. पोरगी हसेल म्हणाले."

ती हसली नाही. फळीवरच्या जबड्यांमधून एक बस हळूहळू निघाली होती. लोक दांड्यांना धरून उभे होते, आणि खिडकीशी पिवळ्या शर्टातला एक माणूस शेजारच्या पिशवीवर हात ठेवून बसला होता. कुणी वाकून विचारलं की नुसती मान हलवत होता. कुणीतरी यायचं आहे.

"घरी आल्यावर काय म्हणाले?"

दादाने टेस्टर काढला, पुन्हा पानात घातला. "चपला काढल्या. तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, जागा धरून ठेवली होती मी, तीच आली नाही."

*

चारला दहा मिनिटं कमी होती. बस त्या जागेत मावणार नव्हती. पुढचं गाव नाही, चालत येणं नाही, तांब्याही नाही. तिने फोन लावला.

"घ्या लिहून. जागा धरून ठेवली होती मी. तूच आली नाहीस."

छापखानेवाल्याने लिहून घेतलं. "दारात उभं राहून असं कोण म्हणतं? आणि जागा कसली?"

"एवढंच आहे."

"वाचक विचारतील हो."

"विचारू देत."

"मेण बरं होतं, लेखिकाबाई," तो म्हणाला आणि त्याने ते वाक्य तिला पुन्हा वाचून दाखवलं. त्याच्या आवाजात ते एकदम खरं वाटलं.

दादाने तिचीच पेन्सिल उचलली. आपल्या प्रतीतल्या मेणावर रेघ मारून त्याने वर ते वाक्य लिहिलं, एकेक अक्षर जोडत, आणि पान लांब धरून पाहिलं.

"बसलं बरोबर," तो म्हणाला. "आता दार तेवढं तपकिरी कर."

"मुखपृष्ठ छापून झालंय, दादा."

दादाने खाकी कव्हर सरकवून ते निळं दार नीट पाहिलं. मग पुस्तक बगलेत मारून उठला.

"हा निळा कुठला? डब्यावरचा नंबर सांग," तो म्हणाला. "रविवारी घरचं रंगवून टाकतो."